घराची भुई का खचते, माळा का वाकतो?

भाद्रपद संपत आला की कर्जत आणि खालापूर या तालुक्यांतील कित्येक जुन्या घरांत एक गोष्ट हटकून दृष्टीस पडते. माजघरात ठेवलेला पाण्याचा हंडा एका अंगाला कलतो. सांडलेले पाणी उंबऱ्याकडे न वाहता मधोमध जमा होते. भिंतीच्या बुडाशी, भुई आणि भिंत यांच्या सांध्यात, बोटभर फट दिसू लागते. घरातील वडील माणसे ‘पावसाने भुई बसली’ एवढे म्हणून स्वस्थ राहतात. गृहिणी खळग्यात दोन घमेली माती टाकते, वरून सारवते आणि नवरात्र साजरे होते. पुढील वर्षी खळगा पुन्हा त्याच जागी पडतो, फक्त थोडा अधिक रुंद झालेला असतो.

ही भुई नुसत्या पावसाने बसत नाही. तिच्या पोटात काय भरले आहे आणि त्या भरावात पाणी कोणत्या वाटेने शिरते, यावर तिचे बसणे अवलंबून असते. घरातील माळ्याची गोष्ट याहून वेगळी आहे. भुई खचते ती मातीच्या दोषाने. माळा वाकतो तो लाकडाच्या, भाराच्या किंवा खांबाच्या दोषाने. पुष्कळ ठिकाणी या दोहोंची गल्लत होते आणि माळ्याच्या दुखण्यावर भुईचा, तर भुईच्या दुखण्यावर माळ्याचा इलाज केला जातो. म्हणून दोन्ही प्रकारांचा विचार स्वतंत्रपणे करणे इष्ट आहे.

भरावाची माती

कोकणातील घर जोत्यावर उभे असते. जोत्याच्या चारी बाजूंचे दगडी बांधकाम पायावर टेकलेले असते आणि भिंतींचा सर्व भार त्या पायावर जातो. मधली भुई मात्र कशावरही टेकलेली नसते. ती जोत्याच्या पेटीत भरलेल्या मातीवर पहुडलेली असते. त्यामुळे भिंत जागच्या जागी राहते आणि भुई तेवढी खाली जाते. भिंतीच्या बुडाशी पडलेली फट हीच या प्रकाराची खूण होय. फटीबरोबर भिंतीलाही तिरके तडे गेले असतील, तर दोष भुईचा नसून पायाचा आहे असे समजावे व अनुभवी गवंड्यास किंवा अभियंत्यास दाखविल्याशिवाय कामाला हात घालू नये.

या दोन तालुक्यांत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सर्व चार महिन्यांत पडतो. डोंगरउतारावरील वरकस जमीन हलकी व उथळ असते. खोऱ्यातील भातखाचरांची माती मात्र चिकण व भारी असते. ही चिकण माती पाणी प्याली म्हणजे फुगते आणि वाळली म्हणजे आकसते. चैत्र-वैशाखात खाचरांना ज्या भेगा पडतात, त्या याच आकसण्यामुळे. घर बांधताना जवळच्या खाचराची किंवा बांधाची माती उचलून जोते भरले असेल, तर त्या भेगा घराच्या पोटातही पडणार, हे ओघानेच आले. शिवाय शेताच्या वरच्या थरात धसकटे, मुळ्या आणि तूस मिसळलेले असते. ते दोन-चार वर्षांत कुजते व तेवढी जागा पोकळ राहते.

दुसरा दोष घाईचा. जोत्याचा भराव एकदम टोपल्यांनी ओतून वरच्यावर पाणी मारले की तो दाबला गेला असे वाटते. वास्तविक वरचे अर्धा फूट तेवढे दबते. खालची माती सैलच राहते आणि पुढे कित्येक पावसाळे हळूहळू बसत राहते. सिमेंटचा कोबा केलेल्या घरात हे लवकर ध्यानात येत नाही. खालचा भराव बसला तरी कोबा काही काळ पुलासारखा अधांतरी तरतो आणि मग एके दिवशी मधोमध तडकतो. ज्या घरात लाद्या बसविल्या आहेत तेथे काठीच्या टोकाने ठोकून पाहावे. भरीव जागी आवाज बद्द येतो, पोकळ जागी तो घुमतो. नवे घरकुल बांधणाऱ्याने भिंती उभ्या राहताना जेवढे लक्ष द्यावयाचे तेवढेच, किंबहुना अधिक, भरावाच्या दिवशी द्यावे. भिंत पुढे कोणीही पाहू शकतो, भराव पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

पाण्याच्या वाटा

पाणी जोत्यात शिरण्याची पहिली वाट म्हणजे पागोळ्या. कौलांवरून पडणारी धार जोत्याच्या अगदी कडेशी पडत असेल, तर ती तेथे चर पाडते, दगडांच्या सांध्यांतील माती धुऊन नेते आणि हळूहळू आतल्या भरावातील बारीक माती बाहेर काढते. पागोळीखाली गढूळ पाण्याचा ओघळ सतत वाहत असेल, तर ती घराचीच माती चालली आहे हे ओळखावे. वळचण जोत्याच्या बाहेर निदान दीड-दोन फूट येईल अशी ठेवणे आणि पागोळीखाली दगड-गोट्यांचा उतरता पट्टा करून पाणी घरापासून दूर नेणे, हे काम दोन माणसे दोन दिवसांत करू शकतात.

दुसरी वाट खालून येते. पुष्कळ वाड्यांतून खाचराचा बांध घराच्या जोत्यापर्यंत येऊन भिडलेला असतो. आवणीपासून कापणीपर्यंत त्या खाचरात पाणी उभे असते व जोत्याची माती ते शोषून घेते. कर्जत तालुक्यात याला आणखी एक कारण जोडले गेले आहे. टाटांच्या भिवपुरी येथील वीजगृहातून, जे १९२२ साली सुरू झाले, सुटणारे पाणी पेज नदीत येते व राजनाला कालव्याने शेतांना मिळते. त्या पाण्यावर उन्हाळी भात होते, ही मोठीच सोय आहे. परंतु ज्या घरांना लागून उन्हाळ्यातही खाचरे भरलेली असतात, त्यांच्या जोत्याला सुकण्यास अवसरच मिळत नाही. अशा घरी खाचर आणि जोते यांच्यामध्ये चार-पाच फुटांची कोरडी पट्टी सोडून तीत गुडघाभर खोल चर खणावा. तेवढी जागा भाताला कमी पडली तरी चालेल. नदीकाठच्या घरांना याखेरीज पुराचे भय आहे. २६ जुलै २००५ आणि पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीने पात्र सोडले. दुसऱ्या खेपेस तर वांगणी-बदलापूरच्या दरम्यान एक्स्प्रेस गाडी पाण्यात अडकून पडली. पूर ओसरला म्हणजे भिंतीवरील पाण्याची रेघ सर्वांना दिसते, भुईखालची धुपलेली माती दिसत नाही. पुरानंतर लागलीच भुई दुरुस्त करू नये. भराव पूर्ण निथळेपर्यंत थांबावे.

आणि तिसरी वाट उंदीर-घुशी करून देतात. भाताची कापणी झाली की शेतातील घूस घराकडे वळते, कारण धान्यही तिच्यामागून तेथेच आलेले असते. तिची बिळे जोत्याखाली लांबवर जातात आणि ओंजळभर नव्हे, घमेलेभर माती बाहेर येते. बिळाचे तोंड नुसत्या मातीने बुजविल्याने काही साधत नाही. आत दगडाचे तुकडे व फुटकी काच ठासून वरून सिमेंटचा गिलावा करावा.

डोंगरउताराच्या वाड्यांसाठी

येथवर सांगितले ते सपाटीवरील घरांविषयी. डोंगराच्या कुशीतील ठाकूर व कातकरी वाड्यांना एक निराळी सूचना देणे अवश्य आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. उतारावरील घराची भुई खचली आणि त्याबरोबर अंगणात किंवा घरामागील चढावर धनुष्याकृती भेग दिसली, झाडे किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा नव्या जागी फुटले, तर तो भुईचा दोष नव्हे. तेथे मुरूम आणि धुम्मस यांचा काही उपयोग नाही. पाऊस चालू असताना अशी चिन्हे दिसल्यास माणसे व गुरे त्याच दिवशी, अंधार पडण्यापूर्वी, तेथून हलवावी व तहसील कार्यालयास कळवावे. सामानासाठी मागे राहू नये.

भुईची दुरुस्ती

सपाटीवरील खचलेली भुई दुरुस्त करण्यास योग्य काळ मार्गशीर्ष ते माघ हा होय. भराव तोवर निथळलेला असतो, पण उन्हाळ्यासारखा भेगाळलेला नसतो. खळग्यावर नवा थर चढविणे ही सर्वांत मोठी चूक. खालच्या सैल मातीवर आणखी वजन पडते आणि ती आणखी बसते. कोब्यावर कोबा घातल्यास तर वजन आणखीच वाढते.

खळग्याच्या कडेपासून हातभर बाहेरपर्यंत भुई उकरावी आणि पहार सहजासहजी शिरणार नाही अशी घट्ट माती लागेपर्यंत खाली जावे. बहुधा दीड फुटात ती लागते. निघालेली काळी चिकण माती पुन्हा आत टाकू नये; ती परसात भाजीच्या वाफ्यांना घालावी, तेथे ती उपयोगी पडेल. भरावासाठी डोंगरकडचा तांबूस मुरूम उत्तम. तो काढण्यापूर्वी तहसील कार्यालयात परवानगीची चौकशी करावी. मुरुमाचा अर्ध्या फुटाहून जाड थर एका वेळी घालू नये. त्यावर पाणी शिंपडताना हात आखडता ठेवावा. मुरूम मुठीत दाबला असता त्याचा गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. गोळा कमरेइतक्या उंचीवरून टाकला असता त्याचे चार-पाच तुकडे व्हावे. तो न फुटता चपटला तर पाणी जास्त झाले, भुगा झाला तर कमी पडले. मग धुम्मसने तो थर ठोकावा. ठोकता ठोकता धुम्मसचा आवाज बदलतो, ती टणक जमिनीवरून उसळी घेऊ लागते; तेव्हा तो थर झाला असे समजून पुढचा घालावा.

शेवटच्या तीन-चार इंचांसाठी चाळलेली तांबडी माती, शेण आणि भाताचे तूस एकत्र तुडवून एक रात्र मुरू द्यावे. ते पसरून चोपण्याने चोपावे. ओल्या भुईवर एकदाच चोपून भागत नाही. भुई सुकू लागताच केसासारख्या भेगा दिसतात. त्या दिसल्या की पुन्हा चोपावे. असे चार-सहा दिवस चालते. हे काम पूर्वी वाडीतील बायका मिळून करीत. आजही हाती सिमेंट नसलेल्या घरात याहून चांगली भुई होत नाही, आणि ज्या घरात सिमेंट आहे तेथेही खालचा मुरूम याच रीतीने ठोकावा लागतो.

माळ्यावरचे ओझे

आता माळ्याकडे वळू. जुन्या घरात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, किंवा भिंतीपासून मधल्या खांबापर्यंत, तुळया टाकलेल्या असतात. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर वर्षाचे धान्य. माळा वाकतो म्हणजे तुळईला मधोमध झोळ पडतो. थोडा झोळ प्रत्येक लाकडाला येतोच. बारा फूट लांबीच्या तुळईला सुमारे १५ मिलिमीटरपर्यंतचा झोळ चालण्यासारखा आहे. त्यापुढे मात्र कारण शोधले पाहिजे.

पहिले कारण भाराचे. भाताची एक घनमीटर रास सुमारे पावणेसहा क्विंटल भरते. चार फूट व्यासाची आणि पाच फूट उंचीची कणगी काठोकाठ भरली, तर तीत सुमारे दहा क्विंटल भात मावतो. कणगीखालच्या प्रत्येक चौरस फुटावर ऐंशी किलोंचे ओझे झाले. राहत्या घराचा मजला बांधताना अभियंते चौरस फुटाला सुमारे १९ किलोंचा भार धरतात. म्हणजे कणगी उभी राहिली त्या जागी माळ्याने चौपट ओझे पेलले. आजोबांनी माळा बांधला तेव्हा गरवे भात होते आणि पीक बेताचे होते. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे काम १९१९ पासून चालू आहे, आणि तेथून निघालेल्या ‘कर्जत’ नावाच्या सुधारित जाती या भागात घरोघरी पोहोचल्या. पीक वाढले, कणग्या वाढल्या. तुळया मात्र त्याच राहिल्या.

कणगी कोठे ठेवावी, यालाही महत्त्व आहे. तेच वजन तुळईच्या मध्यावर एकवटले तर झोळ सर्वत्र पसरलेल्या वजनाच्या मानाने दीडपटीहून अधिक पडतो. भिंतीलगत किंवा खांबाच्या माथ्यावर ठेवले तर तो अगदी थोडा पडतो. जागा मोकळी राहावी म्हणून माळ्याच्या मध्यभागी कणगी मांडण्याची जी चाल आहे, ती सोडून द्यावी. याला पैसाही लागत नाही.

दुसरे कारण लांबीचे, आणि ते सुतारालाही कधी कधी नीट उमगत नाही. खण दुप्पट रुंद केला आणि चौरस फुटाचा भार तोच ठेवला, तर झोळ दुप्पट न होता सोळापट होतो. खोली मोठी दिसावी म्हणून मधला खांब काढून टाकणारे घरधनी या हिशेबात सापडतात. तुळईची उंची दुप्पट केली तर झोळ एक-अष्टमांश होतो, रुंदी दुप्पट केली तर केवळ निम्मा. म्हणून सहा इंच बाय चार इंचाची तुळई नेहमी सहा इंच उभी ठेवावी. आडवी टाकली तर तीच तुळई सव्वादोन पट अधिक वाकते. असे असूनही कित्येक घरांत ती आडवी टाकलेली आढळते, कारण आडवी तुळई भिंतीवर नीट बसते.

तिसरे कारण लाकडाच्या प्रकृतीचे. ओले लाकूड तुळईला लावले तर भाराखाली सुकता सुकता ते कायमचे वाकते. वर्षानुवर्षे भार राहिला तर सुके लाकूडही पहिल्या झोळाच्या जवळजवळ दुप्पट झोळ घेते. भार काढला तरी ते पूर्ण सरळ होत नाही. वाळवी, भुंगे आणि कूज ही तर उघड कारणे. कूज सहसा मध्यावर लागत नाही. ती लागते तुळईच्या टोकाला, जेथे ती भिंतीत शिरलेली असते. कौल सरकते, पाणी भिंतीतून झिरपते आणि भिंतीत दडलेले टोक चार महिने ओले राहते. वरून लाकूड धडधाकट दिसते. आरी किंवा लांब खिळा टोचून पाहावा. तो लोण्यात शिरावा तसा दोन बोटे आत गेला, तर त्या माळ्याखाली त्या रात्री कोणास निजू देऊ नये. पावसाळ्यात ओलीमुळे लाकडाचे बळ कमी झालेले असते आणि कापणीनंतर भार सर्वांत अधिक असतो. तपासणी या दोन्हींच्या आधी, म्हणजे वैशाखात आणि आश्विनात, करावी.

टेकू आणि दुरुस्ती

दुरुस्तीचा आरंभ माळा रिकामा करण्यापासून व्हावा. भार असताना तुळई उचलणे धोक्याचे आहे, आणि भार असताना शेजारी नवी तुळई ठोकली तर ती पुढील ओझ्यापुरतीच कामास येते. भात खाली आणून फळ्यांच्या घडवंचीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे.

लाकूड निरोगी असेल आणि केवळ झोळ असेल, तर मध्यावर एक खांब देणे हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय होय. खण निम्मा झाला की झोळाचे कारणच जवळजवळ नाहीसे होते. परंतु तो खांब भुईवर उभा करू नये. भुई भरावाची आहे हे वर सांगितलेच आहे. खांबाखाली दोन फूट चौरस खड्डा घट्ट जमिनीपर्यंत खणून दगड-सिमेंटचा पाया घ्यावा व त्यावर भुईच्या वर निदान सहा इंच येणारा तळखडा बसवावा. लाकूड मातीला टेकले की वाळवीला शिडी मिळाली. जुन्या खांबाचे बूड कुजून तो खाली बसल्यामुळे माळा एका अंगाला कलला असेल, तर दोन्ही बाजूंना भक्कम धिरे देऊन कुजलेले बूड कापावे व तेथे तळखडा उंच करून घ्यावा.

वाकलेली तुळई वर घेताना घाई मुळीच करू नये. धिऱ्याखाली जॅक किंवा समोरासमोर ठोकलेल्या दोन पाचरी लावाव्या आणि एका दिवसात भाताच्या दाण्याच्या जाडीहून अधिक उचलू नये. लाकडाला कुरकुरण्याचा आवाज येताच थांबावे. पुष्कळ वर्षांचा झोळ असेल तर तो सगळा काढण्याच्या भरीस पडू नये. निम्मा गेला तरी पुरे. उरलेली उणीव कड्यांखाली लाकडी पट्ट्या घालून भरावी. त्यानंतर तुळईच्या कुशीला तेवढ्याच उंचीची दुसरी तुळई लावून दोहोंना आरपार बोल्टांनी आवळावे. दीड-दोन फुटांच्या अंतराने, एक वर एक खाली, असे बोल्ट द्यावे. नुसते खिळे पुरत नाहीत. टोक कुजले असेल तर कूज निघेपर्यंत कापून, भिंतीला लागून पायावर नवा खांब द्यावा आणि तुळई त्यावर टेकवावी. भिंतीतील भोक बुजवू नये, वारा खेळू द्यावा.

नव्या तुळईसाठी साग व ऐन उत्तम. आंब्याचे लाकूड स्वस्त असले तरी वाळवी त्यावर प्रथम तुटून पडते. मालकीच्या जमिनीतील साग, ऐन इत्यादी झाडे तोडण्यासही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये परवानगी लागते, हे ध्यानात असू द्यावे. मोडलेल्या जुन्या घराचे सुके लाकूड मिळत असेल तर ते ओल्या नव्या लाकडाहून केव्हाही बरे. मात्र त्याची टोके टोचून पाहिल्याशिवाय घेऊ नये. भिंतीत जाणाऱ्या टोकांना डांबर किंवा काजूच्या टरफलांचे तेल दोनदा लावावे. हे तेल अंगावर पडल्यास फोड येतात, म्हणून हातमोजे वापरावे. सिमेंटच्या स्लॅबला झोळ आला असेल किंवा त्यातील गंजलेले गज दिसू लागले असतील, तर त्यास यांपैकी कोणताही उपाय लागू नाही. तेथे अभियंताच हवा.

काम पुरे झाल्यावर तुळईच्या दोन टोकांना खिळे ठोकून सुतळी ताणून बांधावी, मध्यावर सुतळीपासून लाकडापर्यंतचे अंतर मोजावे आणि तो आकडा तारखेसह तुळईवरच गेरूने लिहून ठेवावा. भात माळ्यावर चढविल्यानंतर महिन्याने एकदा आणि पावसाळ्याच्या अखेरीस पुन्हा एकदा तेथेच माप घ्यावे.